जतची बातमी हाँगकाँगच्या ज्युरीपुढं: आशियाच्या पत्रकारिता पुरस्कारांसाठी एंट्री कशी भरायची

दरवर्षी जानेवारी उजाडला की माझ्या फोनवर एक प्रश्न हमखास येतो, कधी विट्याहून, कधी दहिवडीहून, कधी जतहून. "दादा, ते आशियाचे अवॉर्ड असतात ना पत्रकारांचे, त्यात आपल्यासारख्यांनी भरायचं का?" माझं उत्तर ठरलेलं आहे, भरायचं. आशिया-पॅसिफिक म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं टोकियो, सिडनी, हाँगकाँग येतं, पण माण-खटाव पण आशियातच आहे आणि पाण्याच्या आवर्तनासाठी दहा-दहा वर्षं कालव्यावर फिरणारा तालुका वार्ताहर जे काम करतो ते कुठल्याही मोठ्या शहरातल्या रिपोर्टरपेक्षा कमी नाही. पी. साईनाथांना २००७ साली मॅगसेसे मिळाला तो गावाकडच्या गरिबांवर वर्षानुवर्षं केलेल्या पत्रकारितेसाठीच, आणि पुढं त्यांनीच सुरू केलेल्या पारी या ग्रामीण भारतावरच्या वेबसाइटवर कुंडलच्या कॅप्टन भाऊंची, म्हणजे इंग्रजांविरुद्ध लढलेल्या आपल्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेची गोष्ट जगानं वाचली. म्हणजे विषय आपल्याकडं आहेत. कमी पडते ती एंट्री मांडायची पद्धत. मी स्वतः आधी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो, आता फ्रीलान्स करतो, माझ्या आणि मित्रांच्या मिळून बऱ्याच एंट्र्या भरल्यात, त्यातनं जे कळलं ते इथं लिहितोय.

सगळ्यात आधी कुठं भरायचं ते. सगळे पुरस्कार एका जातीचे नसतात आणि इथंच लोक महिनाभर वाया घालवतात.

मॅगसेसेचं बघा, १९५७ पासूनचा, मनिलाचा, आशियातला सगळ्यात मानाचा, २०१९ ला रवीश कुमारांना मिळाला. पण तो काही नुसता पत्रकारांचा नाही आणि त्यात स्वतःहून अर्ज करता येत नाही, दुसऱ्यानं नाव सुचवावं लागतं, त्यामुळं त्याचा फॉर्म शोधत बसू नका. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचा शोरेनस्टाईन पुरस्कार आशियावरच्या पत्रकारितेसाठीच आहे, दहा हजार डॉलरचा, पण तो एका बातमीला मिळत नाही, वर्षानुवर्षांच्या कामाला मिळतो. २०१७ ला सिद्धार्थ वरदराजन यांना मिळाला, २०१९ ला फिलिपिन्सच्या मारिया रेसा यांना (ज्यांना पुढं २०२१ ला शांततेचं नोबेल मिळालं), २०२३ ला कॅरव्हॅन मासिकाला. तो डोळ्यापुढं असू द्या, पण यंदाच्या कामाच्या यादीत नको.

एंट्री मागवणारे वेगळे. एशिया सोसायटीचा ऑसबॉर्न इलियट पुरस्कार आहे, २००३ पासूनचा, न्यूजवीकच्या जुन्या संपादकांच्या नावाचा, तोही दहा हजार डॉलरचा. हाँगकाँगच्या सोसायटी ऑफ पब्लिशर्स इन एशियाचे म्हणजे सोपाचे पुरस्कार आहेत, संस्था १९८२ ची, पुरस्कार १९९९ पासून. सोपात गट भरपूर आहेत, शोधपत्रकारिता, पर्यावरण, फोटो, ग्राफिक सगळं, पण ते मुख्यतः इंग्रजी आणि चिनी भाषेतल्या कामासाठी. म्हणजे तुमची बातमी फक्त मराठी दैनिकात आली असेल तर तिथं अडचण आहे, पण तीच स्टोरी तुम्ही एखाद्या इंग्रजी पोर्टलला पण दिली असेल, किंवा इंग्रजी रिपोर्टरबरोबर जॉइंट बायलाइन, म्हणजे बातमीवर दोघांचं नाव असेल तर रस्ता आहे. म्हणून मी पोरांना सांगतो की वर्षातनं एक तरी मोठी स्टोरी इंग्रजी पोर्टलला पिच करा, पैसे पण जरा बरे मिळतात.

आणि मला सगळ्यात जवळचा वाटतो तो केट वेब पुरस्कार. एएफपी या वृत्तसंस्थेचा, २००८ पासूनचा, तीन हजार युरोचा. केट वेब न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या, व्हिएतनाम युद्ध कव्हर केलं, १९७१ ला कंबोडियात पकडल्या गेल्या, मेल्या असं समजून पेपरात मृत्युलेख पण छापून आले आणि २३ दिवसांनी बाई जिवंत परत आल्या. पुढं एएफपीसाठी आशियाभर काम केलं, २००७ ला गेल्या. त्यांच्या नावाचा हा पुरस्कार आशियातल्या स्थानिक पत्रकारांसाठी आहे, जे अवघड किंवा धोक्याच्या परिस्थितीत काम करतात. स्थानिक हा शब्द नीट वाचा. बाहेरून विमानानं येऊन चार दिवसांत स्टोरी करून जाणाऱ्यासाठी हा नाही, त्याच गावात राहून, त्याच वाळूवाल्यांच्या, त्याच पुढाऱ्यांच्या नजरेसमोर रोज वावरून लिहिणाऱ्यासाठी आहे. आपल्याकडचा तालुका वार्ताहर म्हणजे हाच की.

एक सावधगिरीची गोष्ट. आशियातले ह्यूमन राइट्स प्रेस अवॉर्ड्स १९९५ पासून हाँगकाँगचा फॉरेन करस्पॉन्डंट्स क्लब चालवत होता. २०२२ ला तिथल्या कायद्याच्या धास्तीनं क्लबनं ते थांबवले, मग पुढच्या वर्षी ह्यूमन राइट्स वॉच आणि अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागानं हातात घेतले. म्हणजे मागच्या वर्षी मित्रानं पाठवलेली लिंक, जुना ईमेल, जुने नियम यावर अजिबात विसंबू नका, त्या वर्षाची नियमावली स्वतः उघडून शब्द न् शब्द वाचा. भाषा कुठली चालते, भाषांतर जोडायचं का, फी आहे का, एका माणसाला किती एंट्र्या, हे चार प्रश्न एका कागदावर लिहून उत्तरं मिळाल्याशिवाय पुढं जाऊ नका.

आणि आपल्याच देशातले विसरू नका. रामनाथ गोएंका पुरस्कारांत प्रादेशिक भाषांचा गट आहे, बाईमाणसांच्या प्रश्नांवर लिहिलं असेल तर लाडली मीडिया अवॉर्डला मराठी चालतं. पहिली एंट्री तिथं भरा, सराव होतो, तेच कागद पुढं कामाला येतात.

आता स्टोरी कुठली निवडायची. इथं मी जरा हट्टी आहे. लोक वर्षातली सगळ्यात गाजलेली बातमी पाठवतात, मी म्हणतो जी फक्त तुम्हीच करू शकला असता ती पाठवा. नोव्हेंबर २०२२ ला जत तालुक्यातली गावं पाण्यासाठी कर्नाटकात जायची भाषा करत होती तेव्हा सगळी चॅनेलं आली, माईक लावले आणि गेली. पण म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचं पाणी कुठल्या टप्प्यावर अडलंय, शेवटच्या गावाला किती वर्षं नुसतं आश्वासन मिळालंय हे ज्यानं पाच वर्षं धरून ठेवलं होतं त्याची मालिका वेगळीच दिसते. तसंच गलाईवाल्यांचं. खानापूर, आटपाडी, विटा भागातली पोरं सोनं-चांदी गाळायला देशाच्या कोपऱ्या-कोपऱ्यात जाऊन बसलीत, ॲसिडच्या धुरात काम करतात, सोन्याचा भाव हलला की विट्याच्या बाजारात त्याचा परिणाम दिसतो, आणि हा विषय बाहेरच्या ज्युरीनं कधी ऐकलेला पण नसतो. तासगावचा बेदाणा घ्या, अफगाणिस्तानातनं येणाऱ्या बेदाण्याशी त्याची स्पर्धा, म्हणजे काबूल ते तासगाव अशी एकच स्टोरी होते. आशियाचा पुरस्कार आहे म्हणून ओढूनताणून आशिया जोडू नका, पण जिथं खरंच धागा आहे तिथं तो दाखवा.

आता पुराव्याचं, आणि इथं मी जरा जास्त लिहिणार आहे कारण सगळ्यात जास्त एंट्र्या इथंच मरतात.

पहिली अडचण बायलाइनची. आपल्याकडं तालुक्याची बातमी 'वार्ताहर' किंवा 'प्रतिनिधी' म्हणून छापली जाते. मी सहा भागांची मालिका केली होती, उन्हाळाभर मोटरसायकलवर फिरून, आणि सहाच्या सहा भागांवर नाव 'प्रतिनिधी'. एंट्री भरायला बसलो तेव्हा पहिल्याच पानावर प्रश्न, बातमीवर तुमचं नाव कुठं आहे. ऑफिसला पत्र मागितलं, आज देतो उद्या देतो करत मुदत गेली आणि ती एंट्री गेलीच. अजून मनाला लागतं ते. म्हणून मोठी स्टोरी हातात घेतानाच संपादकांशी बोलून घ्या की सर, याला नावानिशी छापा, आणि नाहीच जमलं तर छापून आल्यावर त्याच आठवड्यात लेटरहेडवर दोन ओळींचं पत्र घ्या की अमुक तारखेची अमुक मथळ्याची बातमी यांनी केली आहे, सही-शिक्का. त्याच आठवड्यात. सहा महिन्यांनी ते संपादक बदलून नागपूरला गेलेले असतात.

दुसरी अडचण कात्रणाची. आपण कात्रण कापतो ते नुसत्या बातमीचं, वरची तारखेची पट्टी राहते पेपरात आणि पेपर जातो रद्दीत. ज्युरीला तारीख दिसली पाहिजे, पेपरचं नाव दिसलं पाहिजे, पान नंबर दिसला पाहिजे. त्यामुळं अख्खं पान जपा. ई-पेपरवरनं त्याच दिवशी पूर्ण पानाची पीडीएफ उतरवून ठेवा, काही ई-पेपर थोड्या दिवसांनी जुनी पानं काढून टाकतात किंवा लॉगिन मागतात आणि मग तिकडच्या ज्युरीनं लिंक उघडली तर कोरं पान. वेबसाइटवरची बातमी असेल तर तिची प्रत वेबॅक मशीन या वेबपानं जपून ठेवणाऱ्या साइटवर साठवा, फुकट आहे, दोन मिनिटांचं काम.

तिसरं, स्टोरीच्या मागचे कागद. माहिती अधिकारातली उत्तरं, तहसीलदारांच्या नोटिसा, ग्रामसभेचा ठराव, पंपाच्या वीजबिलाची थकबाकी, जे काही असेल ते स्कॅन करून एका फोल्डरमध्ये तारखेच्या क्रमानं. फाइलचं नाव पण तसंच ठेवा, आधी वर्ष मग महिना मग दिवस, म्हणजे आपोआप ओळीत लागतात. मुलाखतींची रेकॉर्डिंग्ज दुसऱ्या ठिकाणी पण ठेवा. २०१९ च्या पुरात सांगलीत किती जणांच्या घरातली कागदपत्रं, हार्ड डिस्क, अल्बम चिखलात गेले ते आपण बघितलंय.

आता भाषांतर. बहुतेक बाहेरच्या ठिकाणी मराठी चालत असेल तर इंग्रजी भाषांतर सोबत लागतंच. मशीनवर टाकून कच्चं भाषांतर करायला हरकत नाही पण तेच उचलून पाठवलं तर तुमची स्टोरी तिथंच संपली. एकदा आम्ही ऊसतोडीवरची एक स्टोरी पाठवायची तयारी करत होतो, सांगलीत विश्रामबागेत एका मित्राच्या खोलीवर, रात्रीचे अकरा वाजलेले. मूळ वाक्य होतं, "मुकादमानं उचल दिलेले बारा कोयते कारखान्यावर पोचलेच नाहीत." भाषांतर वाचून बघितलं तर त्याचा अर्थ झाला होता की ठेकेदारानं उचललेले बारा विळे साखर कारखान्यात हरवले. आता आपल्याला माहितीय, ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा असेल तर अर्धा कोयता, आणि उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेले पैसे जे फेडेपर्यंत माणूस बांधलेला. म्हणजे चोवीस माणसं, त्यातल्या बाया, त्यांच्याबरोबरची लेकरं, सगळी त्या एका वाक्यात होती आणि भाषांतरात ती लोखंडाची अवजारं झाली. आम्ही त्या रात्री ते एकच वाक्य तासभर करत बसलो. शेवटी असं ठरलं की कोयता हा शब्द तसाच ठेवायचा आणि पहिल्यांदा येईल तिथं अर्ध्या ओळीत सांगायचं की या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात, माणूस अवजाराच्या नावानं मोजला जातो. ती अर्धी ओळच त्या स्टोरीतली सगळ्यात जोरदार ओळ ठरली असं मला आजही वाटतं.

तर असे शब्द आधी बाजूला काढा. उचल, मुकादम, टोळी, कोपी, फड, आवर्तन, जिरायत, पाणंद. प्रत्येकाला अर्धी ओळ. आकड्यांचं पण तसंच, गुंठा तिकडं कळत नाही, चाळीस गुंठ्यांचा एकर म्हणा. टीएमसी कळत नाही, एक टीएमसी म्हणजे साधारण दोन कोटी त्र्याऐंशी लाख घनमीटर पाणी. भाषांतर झाल्यावर ज्याला मराठी अजिबात येत नाही अशा माणसाला वाचायला द्या, मिरजेत बाहेरच्या राज्यातनं शिकायला आलेली मेडिकलची पोरं भरपूर असतात, त्यातलं कुणी ओळखीचं असेल तर उत्तम. तो जिथं अडखळेल तिथं खूण करा. आणि भाषांतर करणाऱ्याला पैसे द्या, नाव पण द्या, तो त्याचा हक्क आहे.

मग येतं ते सोबतचं टिपण, ज्यात स्टोरीबद्दल थोडक्यात लिहायचं असतं, शब्दमर्यादा दिलेली असते. आपली सवय अशी की सुरुवातच "कृष्णामाई ही सांगली जिल्ह्याची जीवनवाहिनी असून" अशी करायची. ज्युरीपुढं एंट्र्यांचा ढीग असतो, त्यांना जीवनवाहिनी नकोय. समजा पुराची स्टोरी आहे तर असं सुरू करा: "८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ गावात पुरातनं बाहेर पडणाऱ्या लोकांची बोट उलटली. सांगलीत इर्विन पुलापाशी नदीची धोक्याची पातळी ४५ फूट आहे, त्या पुरात पाणी ५७ फुटांवर गेलं." दोन वाक्यात जागा, तारीख, काय घडलं, किती मोठं होतं, सगळं आलं, आणि ज्या ज्युरीनं आयुष्यात सांगली नकाशावर बघितली नाही त्यांना पण कळलं. त्यानंतर तुम्ही काय शोधून काढलं जे आधी कुणाला माहीत नव्हतं. मग ते कसं शोधलं, किती गावं, किती कागद, कुणी अडवलं. धमकी आली असेल तर तारखेसकट सांगा, तक्रार दिली असेल तर तिची प्रत जोडा, उगाच रंगवू नका.

परिणाम काय झाला हा प्रश्न जवळपास सगळीकडं असतो. इथं खोटं बोलायचा मोह होतो. बातमी आली आणि दुसऱ्या दिवशी टँकर आला, पण तो टँकर बातमीमुळं आला का आमदारांचा दौरा होता म्हणून आला हे तुम्हाला मनातनं माहीत असतं. जेवढं दाखवता येतं तेवढंच लिहा. "बातमीनंतर चार दिवसांनी गावात टँकर सुरू झाला, ग्रामपंचायतीच्या पत्रात बातमीचा उल्लेख आहे" एवढं पुरेसं आहे. काहीच झालं नसेल तर तसं लिहा आणि तुम्ही अजून पाठपुरावा करताय ते लिहा, त्यानं एंट्री कमजोर होत नाही.

ज्यांची गोष्ट आहे त्यांना परत एकदा विचारा. गावच्या पेपरात नाव छापायला हो म्हटलेली बाई, तेच नाव आणि फोटो इंग्रजीत जगभर फिरणार म्हटल्यावर नको म्हणू शकते आणि तो तिचा अधिकार आहे. घरी जाऊन विचारा, फोनवर नको. लैंगिक अत्याचाराच्या किंवा लहान मुलांच्या केसमध्ये तर ओळख उघड करणं हा कायद्यानं गुन्हाच आहे, भाषांतरात गावाचं नाव, शाळेचं नाव राहून त्यावरनं ओळख पटत नाही ना ते तपासा.

पैशाचं एक बोलायलाच पाहिजे कारण हे कुणी सांगत नाही. परदेशातनं बक्षिसाची रक्कम येणार असेल तर एफसीआरए नावाचा परदेशी निधीवरचा २०१० चा कायदा आहे, त्याच्या कलम ३ मध्ये नोंदणीकृत वृत्तपत्राचे वार्ताहर, स्तंभलेखक, व्यंगचित्रकार, संपादक, मालक यांना परदेशी निधी घ्यायला मनाई आहे, आणि कलम ४ मध्ये काही अपवाद दिलेत. तुमचं बक्षीस यात कुठं बसतं ते खात्यावर पैसे यायच्या आधी सीएला आणि माहितगार वकिलाला दाखवून लेखी घ्या. इन्कम टॅक्सचं पण तेव्हाच विचारा. दहा हजार डॉलर म्हणजे आठ लाखांच्या पुढं जातात, एवढी रक्कम खात्यावर दिसली की प्रश्न येणारच, आणि आपल्या धंद्यात आपल्यावर डूख धरून बसलेली माणसं कमी नसतात.

शेवटी भरायचा दिवस. बऱ्याच ठिकाणी मागच्या जानेवारी ते डिसेंबरचं काम धरतात आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत फॉर्म चालू असतात, म्हणून दिवाळीत घर आवरताना कात्रणं बाहेर काढा, नोव्हेंबरात स्टोरी ठरवा, डिसेंबरात भाषांतर. मुदतीची वेळ कुठल्या देशाची आहे ते बघा, हाँगकाँग आणि मनिला आपल्या अडीच तास पुढं आहेत, म्हणजे तिकडं रात्री ११:५९ ला खिडकी बंद होते तेव्हा आपल्याकडं साडेनऊ पण झालेले नसतात. मी एकाला सातारच्या राजवाड्याजवळ चहाच्या गाड्यावर पावणेदहा वाजता लॅपटॉप उघडून बसलेला बघितलंय, सगळी फाइल तयार, पोराचा चेहरा बघवत नव्हता. त्यामुळं दोन दिवस आधी भरा, पीडीएफ लहान साइजची करून ठेवा, मोबाइल डेटा दुसऱ्या कंपनीचा पण हाताशी ठेवा, आणि पोच आल्याचा ईमेल प्रिंट काढून त्याच फोल्डरमध्ये लावा जिथं संपादकांचं पत्र ठेवलंय.

कुणाला संपादकांकडून घ्यायच्या पत्राचा नमुना हवा असेल तर मला कळवा, मराठी आणि इंग्रजी दोन्ही आहेत माझ्याकडं, पाठवतो.